माझ्या तळाला मोठेबाबांचा नंबर

पोरीचा नंबर बाहेर द्यायचा नसतो. जिथं कुठं नंबर मागतील, तिथं घरातल्या थोरल्या माणसाचा द्यायचा. का, असं विचारायचं नसतं. बोरीतल्या या घरात हा नियम पूर्वापार आहे असं सांगतात. घरात पहिला फोन आला तो शिवकन्या शाळेत जायला लागल्यावर, तरी नियम पूर्वापार. पण तेही विचारायचं नसतं.

मी त्याच शिवकन्येची वेबसाइट बोलतेय. पोर्टफोलिओ म्हणतात मला. सुतार जसं आपण केलेलं दार दाखवतो, तसं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं आपलं काम दाखवावं, म्हणून माझ्यासारख्या वेबसाइट असतात. नोकरी देणारे आधी मला बघतात, काम पसंत पडलं तर तिला फोन करतात. निदान तिला करायला हवा. माझा राग तिथूनच सुरू होतो.

माझा जन्म परभणीतल्या कॉलेजच्या होस्टेलवर, एका लोखंडी कॉटवर झाला. जन्मताना मी माझी नव्हतेच. इंटरनेटवरून फुकट मिळालेला तयार साचा होता तो. वर कुठल्यातरी परदेशी पुलाचा फोटो, खाली गोल चौकटीत हसणारा सोनेरी केसांचा माणूस. वर्गातल्या सगळ्यांनी तोच साचा उचलला होता आणि त्यात आपापलं नाव भरलं होतं. जावा ऐंशी टक्के, पायथॉन सत्तर टक्के अशा रंगीत पट्ट्या. सत्तर टक्के म्हणजे कशाचे, हे कुणालाच सांगता आलं नसतं. सरांनी वर आणखी छंद लिहायला सांगितले. वाचन आणि प्रवास लिहा, बरं दिसतं म्हणाले. शिवकन्येनं विचारलं, सर, प्रवास कुठला लिहू, बोरी ते परभणी? वर्ग हसला. सर हसले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं पूल काढला, सोनेरी माणूस काढला, टक्के काढले. पार कोरी करून मला पहिल्यापासून लिहायला घेतलं. मी तेव्हापासून माझी आहे.

माझ्यावर तिची बरीच कामं आहेत, पण माझा जीव आहे तो 'लाईन आली का?' या पानात. शेतीच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईन या भागात काही तासच असते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री, आणि मध्येच फॉल्ट झाला की तीही नाही. लाईन आली का हे बघायला माणसाला विहिरीवर जावं लागतं. शिवकन्येचे वडील बजरंगराव कितीदा उन्हातून मळ्यात जायचे आणि हात हलवत परत यायचे. तिनं हे पान बनवलं. विहिरीवर जो असेल त्यानं फोनवर हिरवं बटण दाबायचं, की त्याच फीडरवरच्या, म्हणजे त्याच तारेवर मोटारी असलेल्या सगळ्यांना घरबसल्या कळतं, लाईन आली. गेली की लाल.

पहिल्याच आठवड्यात पोरांनी गंमत म्हणून हिरवं दाबलं आणि अर्धी बोरी मोटार चालू करायला पळाली. शिव्या कुणाला, तर मला. मग तिनं डोकं लावलं. दोन वेगवेगळ्या विहिरींवरून दाबलं, तरच हिरवं होणार. त्या दिवसापासून एकदाही कुणाची खेप वाया गेली नाही. आज बोरीतली निम्मी माणसं सकाळी डोळे चोळत आधी ते पान उघडतात. मोठेबाबाही.

मोठेबाबा म्हणजे भुजंगराव, शिवकन्येच्या वडिलांचे थोरले भाऊ. या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच असतो, त्यामुळं मधल्या शब्दांना जागा राहत नाही. बजरंगराव त्यांच्यापुढं मान हलवण्यापुरते बोलतात. शिवकन्येची आई सविता सगळं स्वयंपाकघरातून ऐकते आणि ऐकलं नाही असं दाखवते.

शाळेचा दाखला, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज, सगळीकडं मोठेबाबांचाच नंबर. म्हणजे पोरीच्या प्रत्येक कामाचा ओटीपी मोठेबाबांच्या खिशात वाजणार. ही अर्ज उघडून बसायची आणि मोठेबाबा मळ्यात. मग सायकल काढून मळ्यात जायचं. ते आधी चष्मा शोधणार, मग हे कशाचं हाय म्हणून विचारणार, मग एकेक आकडा असा सावकाश वाचणार, की शेवटच्या आकड्यापर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. तिच्याकडं स्वतःचा फोन होता, स्वतःचं सिम होतं, मतदानाचं कार्डसुद्धा होतं. आमदार निवडायची परवानगी होती. नंबर द्यायची नव्हती.

माझ्या तळाला 'संपर्क' असा भाग आहे. तिनं तिथं आधी आपलाच नंबर टाकला होता. कॉलेज संपवून घरी आली, तेव्हा ओट्यावर बसून तिनं कौतुकानं मला उघडून दाखवलं. मोठेबाबांनी ना माझी कामं बघितली ना रंग. बोटानं सरकवत थेट तळाला गेले आणि तिथं थांबले. हा नंबर कुणाचा, म्हणाले. माझा, म्हणाली.

"आपल्यात असं नसतं," एवढंच बोलून त्यांनी फोन परत दिला.

आईनं आतून सांगितलं, कशाला वाद, टाक त्यांचा, कुणाचा फोन आला तर देतीलच की तुला. वडिलांनी मान हलवली. आणि माझ्या तळाला मोठेबाबांचा नंबर आला. बाभळीचा काटा रुतावा तसा तो माझ्यात रुतून बसला.

त्याच महिन्यात मोठेबाबांच्या मुलाचा, हरिओमचा वाढदिवस झाला. बोरीच्या स्टँडवर त्याचा बॅनर लागला. डोळ्याला गॉगल, हात जोडलेले, खाली शुभेच्छा देणाऱ्या मित्रांचे चेहरे लसणाच्या पाकळ्यांसारखे दाटीनं बसवलेले, आणि ठळक अक्षरात हरिओमचा नंबर. वाऱ्यानं बॅनर फाटला, नंबर तेवढा शाबूत राहिला. जिंतूरच्या एसटीत बसलेला कुणीही तो उतरवून घेऊ शकतो. हरिओम काय करतो, असं विचाराल तर तो वाढदिवस करतो.

मग मोठेबाबांनी आणखी एक केलं. माझी लिंक उचलली आणि भावकीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, आमची पुतणी, कॉम्प्युटर शिकलेली, योग्य स्थळ असल्यास कळवावे. कामाचं दार दाखवायला मला बनवलं होतं, त्यांनी मला पोह्यांचा ट्रे केलं.

तेव्हापासून माझ्याकडं दोन प्रकारचे लोक येऊ लागले. नोकरीवाले येतात ते कामावर जातात, बटणं दाबून बघतात, आतला कोड उघडतात, काही पटलं नाही तर निघून जातात. त्यांचं मला वाईट वाटत नाही. पाहुणे येतात ते तिच्या फोटोवर थांबतात. दोन बोटांनी फोटो मोठा करतात. नाक बघतात, रंग बघतात, कानात काय आहे ते बघतात. मग फोटो बंद करून परत उघडतात, जणू मध्येच गोरी झाली असेल. पाहुण्यांच्या मागण्याही येऊ लागल्या. उंची टाका. मामाचं कूळ टाका. साडीतला फोटो टाका. आई म्हणाली, साडीतला तेवढा टाक. शिवकन्या म्हणाली, साडी नेसून कोड जास्त चांगला चालतो का? आई परत ऐकलं नाही असं दाखवायला लागली.

मला त्या पाहुण्यांशी बोलता येत असतं तर मीच त्यांना सांगितलं असतं, की उंची हवी असेल तर कंपाऊंडच्या भिंतीची विचारा.

तिनं अर्ज केलेल्या कंपन्यांची उत्तरं ईमेलवर यायची. तुमचं काम आवडलं, आमच्याकडून फोन येईल, अशी. वाचून ती उड्या मारायची. मग फोनची वाट बघायची. रोज दुपारी मोठेबाबांना विचारायची, कुणाचा आला होता का? ते मान न वळवता म्हणायचे, आला असता तर सांगितलं नसतं का. तिनं कंपन्यांना परत मेल केले, तर उत्तर नाही.

आणि मग ती माझ्यावर संशय घ्यायला लागली. माझ्यातच खोट असणार, असं तिच्या मनानं घेतलं. रंग जास्त झाले असतील, म्हणून काढले. मी हळू उघडत असेन, म्हणून माझे तुकडे करून नव्यानं जुळवले. चांगली चाललेली कामं खोडली. 'लाईन आली का?' हे फारच गावठी वाटत असेल, म्हणून ते पानही माझ्यावरून उतरवायचं ठरवत होती. जे बोरीला रोज लागत होतं, त्याची तिला लाज वाटायला लागली होती. मी बघत होते आणि काही करू शकत नव्हते. माझ्या तळाचा तो काटा तेवढा तिला दिसत नव्हता, कारण तो नियम होता आणि नियमाकडं कुणी बघत नसतं.

त्या दुपारी मी लॅपटॉपवर उघडी होते. या घरात लॅपटॉपला पुरेल एवढी रेंज येते ती फक्त ओट्याच्या टोकाला, आणि ओटा असतो थोरल्यांचा. मोठेबाबा लोडाला टेकलेले, बजरंगराव भिंतीला, आणि शेजारचे सटवाजी आबा पाय पसरून. ते वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून प्रत्येक गोष्टीत त्यांचं एक मत. शिवकन्या टोकाला माझ्यावर काम करत होती. आबा म्हणाले, पोरी, एवढी बोटं शेवया वळायला चालवलीस तर चार घरचं कल्याण होईल. तिची बोटं चालतच राहिली. मोठेबाबांनी चहा सांगितला. ती मला उघडी ठेवून आत गेली.

आणि मोठेबाबांचा फोन वाजला. ते फोन कधी कानाला लावत नाहीत. स्पीकर चालू करून हातभर लांब धरतात आणि समोरच्याशी असं बोलतात, जणू तो नदीपलीकडं उभा आहे.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. "मी पुण्याहून सुकेशनी बोलतेय. शिवकन्या मॅडमशी बोलायचं होतं."

"मी तिचा थोरला चुलता बोलायलोय. काय असंल ते मला सांगा. आडनाव काय म्हणलात तुमी?"

"सुकेशनीच म्हणा. मागेही तुमच्याशी बोलणं झालं होतं. मुलाखतीचा आज शेवटचा दिवस आहे, म्हणून पुन्हा केला. त्यांनी विजेचं जे पान बनवलंय ना, त्यातली दोन विहिरींची अट कशी सुचली, ते आमच्या टीमला ऐकायचंय."

"विहिरीचं मला विचारा की," मोठेबाबा म्हणाले. "विहीर माझ्या नावावर हाय."

सटवाजी आबा खळखळून हसले. बाई म्हणाली, मला त्यांच्याशीच बोलायचंय.

"तुमाला मागंच सांगितलं ना बाई. तिचं लग्न जमलंय. पोरगी नोकरी करणार न्हाई आता. दुसरं कुणी बघा."

शिवकन्या चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही. तिनं ट्रे उंबऱ्यावर ठेवला.

"कुणाचं जमलंय?" तिनं विचारलं, आणि आवाज चढवला तो फोनमध्ये जावा एवढाच. "मोठेबाबा, कुणाचं लग्न जमलंय? माझं तर न्हाई जमलं."

मोठेबाबांनी फोन तोडला.

ओट्यावर आधी नुसतं खाकरणं झालं. आबा म्हणाले, जमलंय असं सांगितल्याबिगर ही माणसं पिच्छा सोडत न्हाईत, त्यात काय एवढं. शिवकन्येनं आबांकडं बघितलंही नाही. आधी कितींना हेच सांगितलं, असं तिनं मोठेबाबांना विचारलं. आले असतील, मी काय मोजत बसलो का, म्हणाले. मी रोज विचारत होते, म्हणाली. तुझ्या भल्यासाठीच केलं, म्हणाले. पुण्यात कोण कुणाचं असतं, कंपनीत रात्री-बेरात्री थांबवून घेतात, उद्या काही वावगं झालं तर भावकीत तोंड कुणी दाखवायचं. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. खोटं बोलताना पकडलेला माणूस एवढा शांत मी पहिल्यांदाच बघितला. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच, राखण होती.

"त्या बाईंचा नंबर द्या," ती म्हणाली.

मोठेबाबांनी फोन सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि वरून हात ठेवला. तिनं वडिलांकडं बघितलं. बजरंगरावांनी तोंड उघडलं, तेव्हा मला क्षणभर आशा वाटली.

"जाऊ दे ना बाई," ते म्हणाले. "चहा गार व्हायलाय."

कंपनी कुठली, हे तिला कळलं नव्हतं. तिनं अर्ज केलेल्या ढीगभर कंपन्यांपैकी पुण्यातली एक. शेवटचा दिवस, आणि नंबर म्हाताऱ्याच्या खिशात. ती ओट्याच्या टोकाला येऊन बसली आणि तिनं मला पुढं ओढलं.

तेवढ्यात पुण्यातून कुणीतरी मला उघडलं.

मला कळतं ते. कोण हे कळत नाही, कुठून हे कळतं. ती व्यक्ती फोटोवर थांबली नाही, कामावर थांबली नाही. घाईघाईनं थेट माझ्या तळाला गेली. दुसरा नंबर शोधत होती. तिथं अजून मोठेबाबाच बसलेले. ती तिथंच थोडा वेळ घुटमळली.

इकडं शिवकन्या माझ्या तळातला एकेक आकडा खोडत होती. मला वेदना होतात का, माहीत नाही. त्या दिवशी झाल्या नाहीत. पायातला काटा निघताना होतं तसं काहीतरी झालं. तिनं आपला नंबर टाकला आणि बदल वर पाठवला. बोरीच्या रेंजमध्ये तो निघाला बैलगाडीसारखा. आणि पुण्यातल्या बाईसमोर अजून माझं जुनंच रूप होतं. बाई, एकदा बंद करून परत उघडा मला. मी आयुष्यात कुणाकडं काही मागितलं नाही. पाहुण्यांनी नाक बघितलं तरी गप्प राहिले. एकदाच परत उघडा.

"काय करायलीस गं?" मोठेबाबांनी विचारलं.

"नंबर बदलायले."

"कुणाचा टाकलीस?"

"माझा."

मोठेबाबा लोडावरून उठून सरळ बसले. "काढ तो. आत्ताच्या आत्ता काढ. न्हाईतर ते सगळंच बंद कर. नाव न्हाई, फोटो न्हाई, काही नको आपल्याला."

"लाईनचं तेवढं राहू दे बरं का," सटवाजी आबा घाईनं म्हणाले. "बाकीचं कर बंद."

शिवकन्या पहिल्यांदाच हसली. ते हसू चांगलं नव्हतं. तिनं त्यांना सांगितलं, की लाईनचं पान वेगळं नाही, ज्या पोरीचं नाव नको त्याच पोरीनं ते बनवलंय. सकाळी बिछान्यात पडून हिरवं बघताना तिच्या हातचं चालतं, आणि त्याच हातात फोन दिसला की घराण्याला धक्का बसतो. हरिओमचा नंबर स्टँडवर लोंबतोय, तो आधी उतरवून आणा, म्हणाली.

"तो पोरगा हाय," मोठेबाबा म्हणाले.

"मग त्याला विचारा उद्या लाईन आली का ते."

"शिवकन्ये, मी शेवटचं सांगायलोय. नंबर काढ."

"न्हाई काढणार," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. मांडीवर मी होते, तिचे दोन्ही हात माझ्यावर होते. "ह्यो नंबर माझा हाय. नाव माझं हाय. काम मी केलंय. तुमी मला घराबाहेर काढा वाटलं तर. नंबर न्हाई निघणार."

आत भांड्यांचा आवाज थांबला. सविता दारात येऊन उभी राहिली. या वेळी ऐकलं नाही असं दाखवायचं ती विसरली.

आणि पुण्यातून मला पुन्हा उघडलं गेलं. या वेळी माझं नवं रूप पोचलं होतं. ती व्यक्ती तळाला गेली आणि थांबली.

फोन वाजला.

मोठेबाबांचा हात सवयीनं खिशाकडं गेला. त्यांनी फोन बाहेर काढून बघितला. त्याची स्क्रीन काळीच होती. फोन वाजत होता तो ओट्याच्या टोकाला, माझ्या शेजारी पडलेला, फुटक्या काचेचा, शिवकन्येचा.

तिनं तो उचलला. त्यांच्यासारखाच स्पीकर चालू केला आणि हातभर लांब धरला.

"हॅलो, मघाशी मागून आवाज आला तो तुमचाच ना? ती दोन विहिरींची अट कशी सुचली, ते सांगाल का आता? वेळ आहे तुम्हाला?"

"आहे," ती म्हणाली. "मी शिवकन्या बोलतेय."

मोठेबाबांनी आपला फोन परत खिशात घातला. सटवाजी आबांनी पसरलेले पाय आवरून घेतले. बजरंगरावांची मान हलायची ती हलली नाही. ती पहिल्या विहिरीपासून सांगायला लागली, आणि ओट्यावर मध्ये बोलणारं कुणी नव्हतं.